न उठवलेला तुर्क

ग्लेनिसच्या लग्नातल्या केकचा वरचा मजला कुत्र्याने खाल्ला, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे १९७४ सालची. केक तीन मजली होता. खालचे दोन वऱ्हाडाने संपवले. वरचा पहिल्या बाळाच्या बारशाला लागतो, म्हणून ग्लेनिसच्या आईने, मेव्हिसने, तो कोठीच्या खोलीत झाकून ठेवला होता. सकाळी पाहते तर ताटलीत साखरेचं एक फूल, आणि बाजूला पोट वर करून झोपलेला कुत्रा.

पण मेव्हिसला केकपेक्षा फोटोचं जास्त लागलं. क्रोब्रुकच्या चर्चसमोर फोटोग्राफरने सगळी म्हातारी माणसं एका रांगेत उभी केली, आणि त्या रांगेत मेव्हिसचे वडील एमस गँडी आणि दूधवाला लेव्हाय अर्डली हे दोघेही आले. फोटोग्राफर बिचारा चेस्टरहून आलेला, त्याला काय ठाऊक. त्याने “जवळ या” म्हटलं की हे दोघे एकेक पाऊल लांब सरकायचे. शेवटी फोटो निघाला, त्यात दोन्ही टोकांना अर्धा अर्धा म्हातारा.

“हे दोघे भाऊ आहेत का?” शाळेत नव्याने आलेल्या पेनकेथ मास्तरांनी मेव्हिसला विचारलं.

“भाऊ असते तर एव्हाना कोर्टात तरी भेटले असते,” मेव्हिस म्हणाली. “लेव्हाय काका मेलेत. बाबांनी त्यांना उठवलं नाही.”

मास्तरांनी लेव्हायकडे पाहिलं. तो हॅमचं सँडविच खात होता.

मग मेव्हिसला सगळं सांगावंच लागलं. क्रोब्रुकमध्ये पितरांच्या सणाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एक खेळ व्हायचा. जॉर्ज राजा आणि तुर्क तलवारीने लढायचे, तुर्क मरायचा, त्याची म्हातारी आई रडायची. मग उंच काळी टोपी घातलेला डॉक्टर यायचा आणि बाटलीतल्या थेंबाने तुर्काला उठवायचा. मधे सैतान येऊन भाषण ठोकायचा, आणि शेवटी कवटीचा घोडा, म्हणजे चादरीखाली माणूस आणि वर घोड्याची खरी कवटी, येऊन लोकांच्या टोप्या चावायचा. सगळी बोलणी तोंडी. एकेका घराकडे एकेक सोंग, बापाकडून मुलाकडे जाणारं. दुसऱ्याच्या सोंगाचं बोलणं म्हणून दाखवणं म्हणजे दुसऱ्याच्या खुराड्यातली कोंबडी उचलणं.

आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की मेलेला तुर्क डॉक्टरने उठवल्याशिवाय उठत नाही. काही झालं तरी नाही. मेव्हिसच्या पणजोबांच्या वेळी शेकोटीची ठिणगी उडून तुर्काची बाही पेटली होती. लोकांनी बिअर ओतून विझवली. गडी हलला नाही. बाहीपेक्षा बिअरचं वाईट वाटलं, असं तो मागाहून म्हणाला म्हणतात.

१९३८ साली तुर्क होता लेव्हाय, आणि डॉक्टर एमस. एमसचा धंदा डुकरं कापण्याचा. वर्षभर त्याची चाहूल लागली की डुकरं कोपऱ्यात जायची. फक्त सणाच्या दिवशी तो मेलेल्याला उठवायचा, आणि ते त्याला फार गोड लागायचं. लेव्हाय दारोदार दूध घालणारा, तोंडाला विसावा नाही. त्या संध्याकाळी व्हीटशीफ पबमध्ये लोक हसत होते, एमस रंगात येऊन पदरचं जोडत चालला होता, तेवढ्यात फरशीवरून मेलेला तुर्क म्हणाला, “डॉक्टर, जरा आटप. फरशी गार आहे.”

एमसच्या अख्ख्या डॉक्टरला मिळून जेवढं हसू मिळालं नव्हतं, तेवढं त्या एका वाक्याला मिळालं. हसू ओसरेपर्यंत एमस थांबला. मग त्याने बाटलीला बूच लावलं, टोपी सारखी केली आणि घरी निघून गेला.

अकरा वर्षांची मेव्हिस बाहेरून खिडकीला नाक लावून पाहत होती. लेव्हाय पडून राहिला. लोक वाट पाहत राहिले. मालकाने पब बंद करायची घंटा वाजवली तेव्हा लेव्हाय आपला आपण उठला, विजारीची धूळ झटकली आणि गेला.

डॉक्टरशिवाय उठलेला तुर्क गावाने कधी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी लढाई लागली. मग गुरांना लाळ्या-खुरकत झाली. मग रेल्वेने स्टेशन बंद केलं. गावात जे काही वाईट झालं त्याचा माग काढत गेलं की म्हातारी माणसं त्या उठण्यापाशी येऊन थांबायची. सरकारने लढाईची कारणं वेगळी सांगितली, पण सरकार काही त्या संध्याकाळी व्हीटशीफमध्ये नव्हतं.

दोघांचं बोलणं तुटलं. एमसने लेव्हायचं दूध बंद केलं. आणि दूध तर लागायचंच, म्हणून मेव्हिसचं उरलेलं लहानपण किटली घेऊन चिखलातून शेजारच्या टिबलीला जाण्यायेण्यात गेलं.

“हा खेळ पुन्हा उभा करू,” पेनकेथ मास्तर म्हणाले. त्यांच्या हातातल्या बशीतली जेली थरथरत होती. “घरोघर जाऊ, जे ज्याला आठवतं ते गोळा करू.”

मेव्हिसला हे हवंच होतं, फक्त कुणी तरी म्हणायला पाहिजे होतं. बाबा एक्याऐंशीचे. डॉक्टरचं बोलणं जगात त्या एका तोंडात उरलेलं. दर वर्षी सणाच्या दिवशी बाबा मागच्या शेडमध्ये कडी लावून काही तरी पुटपुटत बसतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. चाल ऐकू यायची, शब्द नाही. बाबा गेले की ते शब्दही जाणार, आणि खेळ कायमचा मेलेल्या तुर्कापाशी थांबणार.

उन्हाळाभर ती आणि मास्तर दारोदार फिरले. मास्तरांकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्यांना कुत्र्यांची भीती होती, त्यामुळे आधी मेव्हिस आत जायची, कुत्रा बांधायची, मग टेपरेकॉर्डर यायचा. तुर्काच्या आईचं रडणं स्प्रॉस्टन विधवेकडे मिळालं. तिचा नवरा झोपेत ते रडायचा. सैतानाचं भाषण दोन चुलतभावांकडे मिळालं, दोघांचं वेगळं, आणि दोघेही दुसऱ्याला खोटारडा म्हणणारे, म्हणून मास्तरांनी खेळात दोन सैतान घेतले. जॉर्ज राजाचं बोलणं गॅरेजवाल्या रॉडनीच्या आजीकडून आलं. “मी काही शिकले नाही हं,” आजी म्हणाली, “बायकांनी शिकायचं नसतं. भांडी घासताना कानावर पडलं.” आणि तिने ते न अडखळता, तलवारीच्या हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं.

राहिले तुर्क आणि डॉक्टर.

लेव्हायकडे गेले तेव्हा तो दिवाणखान्यात कोचावर उताणा पडला होता, हात छातीवर, डोळे मिटलेले. त्याची बायको हेस्टर शेजारी विणत होती.

“लेव्हाय काका,” मेव्हिस म्हणाली, “तुर्काचं बोलणं सांगा ना.”

“तो मेलाय,” हेस्टरने सांगितलं. “सकाळी तुम्ही येणार असं कळलं तेव्हापासून मेलाय. एरवी निम्मा निम्मा असतो.”

“काकू, तुम्ही तरी समजवा.”

“मी लग्न केलं तेच मेलेल्याशी. १९३९ साली. मला काय फरक कळणार.” हेस्टरने एक टाका मोजला. “पण चहा घेतो तो. टाकू का सगळ्यांना?”

चहा आला. मेलेल्याने बसून चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं आणि पुन्हा आडवं होताना छताकडे पाहत म्हणाला, “हेस्टर, पोरीला सांग. मी पब बंद होईपर्यंत वाट पाहिली. ज्याने टाकलं त्यानेच उचलायचं, आणि टाकलं तिथेच. मग तुर्काचं बोलणं देतो, घोड्याची कवटीही देतो. माझ्या शेडमध्ये आहे, दर वर्षी तेल लावतो.”

“तू तरुण नाहीस, लेव्हाय,” हेस्टर म्हणाली. “त्या फरशीवर पडलास तर खरा डॉक्टर लागेल.”

“मेलेल्याला वय नसतं,” लेव्हाय म्हणाला आणि डोळे मिटले.

मेव्हिस तशीच बाबांकडे गेली. एमस परसात कांदे उपटत होता.

“मी त्याला मेलेला टाकला नाही,” तो म्हणाला. “मी घरी आलो. त्याला थांबायला काय झालं होतं?”

“छत्तीस वर्षं, बाबा?”

“घाई त्यालाच होती. फरशी गार आहे म्हणे. फरशी गारच असते. ती काय गादी आहे?”

“ते आता उठवून घ्यायला तयार आहेत. व्हीटशीफमध्येच.”

एमसने कांद्याची माती झटकली. बराच वेळ झटकली. कांदा लख्ख झाला.

“बोलणार तो. मधे बोलल्याशिवाय राहायचा नाही. आयुष्यात गप्प बसलेला नाही. दूध घालताना गाईशी बोलायचा, बाटलीशी बोलायचा.”

“नाही बोलणार म्हणाले तर?”

“एक अक्षर नाही. हूं नाही की चूं नाही. मेलेल्याने बोलायचं नसतं, एवढं त्याला सांग. आणि बोलला तर मी आहे आणि माझं दार आहे.”

मेव्हिस लेव्हायकडे गेली. लेव्हायने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. बायबल हेस्टरने धरलं, कारण त्याला बसायचं नव्हतं. मेव्हिस पुन्हा बाबांकडे. तालमीला मात्र दोघांपैकी एकही यायला तयार झाला नाही. सणाआधी उठवाउठवी करायची नसते, यावर मात्र दोघांचं एकमत झालं, वेगवेगळ्या घरांत बसून. म्हणजे डॉक्टर काय बोलणार आहे ते गावात कुणालाच ठाऊक नाही, आणि तो शेवटपर्यंत थांबणार आहे की नाही तेही नाही. मेव्हिसला ऑक्टोबरभर जेवण गेलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी व्हीटशीफमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टिबलीची माणसंही आली होती, क्रोब्रुकची फजिती चुकवायची नाही म्हणून. मेव्हिसचा नवरा नॉर्मन घोडा झाला होता. चादरीखाली त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला दाराशी बांधून ठेवला होता आणि तो अधूनमधून कुणाच्या तरी बिअरमध्ये कवटी घालत होता.

जॉर्ज राजा झालेला रॉडनी तलवार घेऊन आला. पण समोरच्या तुर्काचं वय पाहून त्याचा हात चालेना. तो हळूच लाकडी तलवार टेकवायचा आणि विचारायचा, “लागलं का काका?”

“मार की नीट,” तुर्क दातांतून म्हणाला. “अजून मेलो नाही तोवर बोलून घेतो.”

शेवटी वार बसला. लेव्हायला जमिनीवर पाडणं ही एक वेगळीच लढाई झाली. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग दोन्ही सैतानांनी काखेत हात घालून त्याला सावकाश फरशीवर निजवला, आणि हेस्टरने कोपऱ्यातून एक उशी फेकली, ती त्याने पायाने दूर ढकलली. मग तो मेला. स्प्रॉस्टन विधवेच्या भाच्याने आईचं रडणं केलं आणि डॉक्टरला हाक मारली.

एमस आला. डोक्यावर तीच टोपी, कसर लागलेली, आणि हातात बाटली. लोकांकडे त्याने पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं. मग घसा साफ केला, आणि मेव्हिसने आजवर शेडच्या दारातून नुसती चाल ऐकलेले शब्द पहिल्यांदा ऐकले.

“खोकला, खरूज, कंबरदुखी, तिन्ही माझ्या खिशात;
एक बरी करतो, दुसरी देतो, तिसरी फुकट हिशोबात.
गाय मेली तर उठवतो, फक्त दूध तिने द्यावं,
सासू मेली तर सांगतो, आधी जावयाला विचारावं.”

पब हसला. टिबलीची माणसंही हसली, नको नको म्हणत. मास्तरांनी टेपरेकॉर्डर डोक्यावर धरला. एमस खुलला. त्याने पुढचं म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तो आता खेळातलं म्हणत नाही. तो लेव्हायभोवती फिरत होता आणि त्याला डिवचत होता.

“हा माणूस कशाने मेला, सांगू? याच्या दुधाने. त्यात पाणी किती होतं विचारू नका, मासे होते का ते विचारा. चर्चमध्ये हा गायला लागला की घुबडं उडून जायची. आणि याची फरशी गार होती म्हणे. आता कशी आहे, तुर्का? ऊबदार?”

एमस थांबला. खाली वाकून वाट पाहू लागला. लेव्हाय गप्प.

“भाजीच्या प्रदर्शनात याने माझ्यासमोर कांदे मांडले होते,” एमस पुन्हा म्हणाला. “लोकांना वाटलं, लसूण आहे.”

लेव्हाय गप्प. पापणी हलली नाही. हसणं विरलं. मेव्हिसने कोपऱ्यात पाहिलं, हेस्टरच्या सुया थांबल्या होत्या. रॉडनी तलवार पाठीमागे लपवू लागला.

एमस खाली बसला. गुडघे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. त्याने लेव्हायच्या खांद्याला हात लावला.

“लेव्हाय,” तो म्हणाला. हे खेळातलं नव्हतं. “ए लेव्हाय. अरे, बोल की.”

त्याने खांदा हलवून पाहिला.

“काही तरी बोल. फरशी गार आहे म्हण. मी काही म्हणणार नाही. म्हण एकदा.”

“मेलेल्याने बोलायचं नसतं, डॉक्टर,” लेव्हाय डोळे न उघडता म्हणाला. “अट तुझीच.”

व्हीटशीफच्या भिंतींनी तसं हसू कधी ऐकलं नसेल. १९३८ चं त्यापुढे काहीच नाही. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसली, एक सैतान टेबलाखाली गेला, घोडा आतून नुसता हलत होता. फक्त एमस हसला नाही. त्याचा हात खिशात गेला आणि बूच घेऊन बाहेर आला.

मेव्हिस दारापाशी उभी होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त दाराला पाठ लावली, आणि घोड्याला चिमटा काढून शेजारी उभा केला.

एमसने बुचाकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग खाली लेव्हायकडे. लेव्हायने एक डोळा किंचित उघडला होता, आणि त्या डोळ्यात हसू नव्हतं. पब बंद व्हायची घंटा कधी होते म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाचा डोळा होता तो.

एमसने बूच शेकोटीत टाकलं.

“घे एक थेंब जिभेवर, दुसरा नाकाच्या शेंड्यावर;
ऊठ गड्या, आणि लढ पुन्हा, नाहीतर बस बाकड्यावर.”

आणि एका थेंबाऐवजी अर्धी बाटली त्याच्या तोंडावर ओतली. लेव्हाय खोकत उठून बसला.

“हा गार चहा आहे,” तो म्हणाला. “छत्तीस वर्षं मी याची वाट पाहिली?”

“साखर घातलीय,” एमस म्हणाला.

लेव्हाय उभा राहिला, पण एमसला उठता येईना. गुडघे धरले होते. लेव्हायने वरून हात दिला, पुरला नाही. मग नॉर्मनला चादरीसकट आणलं, दोन्ही सैतान आले, आणि तुर्काने उरलेला चहा डॉक्टरच्या तोंडाला लावून, घोड्याच्या मदतीने, डॉक्टरला उठवलं. ते खेळात नव्हतं. आता आहे. क्रोब्रुकमध्ये दर वर्षी तुर्क उठला की डॉक्टर खाली बसतो आणि त्याला घोड्याने उचलावं लागतं, आणि हे पहिल्यापासून असंच होतं असं टिबलीचे लोकही सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमसच्या पायरीवर दुधाची बाटली होती. अजूनही बाबांसाठी टिबलीहून दूध आणणारी मेव्हिस किटली घेऊन आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात कपाकडे पाहत बसले होते.

“पातळ आहे,” ते म्हणाले, आणि तिने किटली नेऊन परसात उपडी घातली, ती तिथेच राहिली. पुढे तिच्याभोवती कमरेएवढी खाजरी झुडपं वाढली.

लेव्हाय अर्डली १९७७ च्या मार्चमध्ये, झोपेत, वारला. दफनाला एमस टोपी घालून गेला.

“बाटली नाही घेतलीत?” मेव्हिसने वाटेत विचारलं.

“ती न बोलणाऱ्यांना चालत नाही,” एमस म्हणाला. “आता शिकलाय तो गप्प राहायला.” पण कबरीपाशी तो सगळे गेल्यावरही उभा राहिला, जरा वाकून, कान देऊन.

पुढचे तीन सण एमसनेच डॉक्टर केला. नंतर ते सोंग मेव्हिसकडे आलं, बायकांनी शिकायचं नसतं तरी.

एमस गँडी १९८० च्या नोव्हेंबरात, खेळ आटोपल्यावर त्याच आठवड्यात, आपल्या घरी वारला.